दादांना एफ शार्प दाखवताना

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे दादाच म्हणतात. कोल्हापुरात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची लहानशी कंपनी आहे आणि गावोगावच्या संकलन केंद्रांवर चालणारं बिलिंग हे दादांनी एकट्यानं उभं केलेलं काम. सुरुवातीला व्हिज्युअल बेसिक ६, नंतर सी शार्प, खाली एसक्यूएल सर्व्हर. कुठल्या गावात फॅट मशीन कुठल्या कंपनीचं आहे आणि ते कुठल्या पोर्टवर बोलतं, हे त्यांना तोंडपाठ. मी या कंपनीत बरीच नंतर आले. त्याआधी पुण्यात नोकरी करत होते आणि तिथेच मला एफ शार्प या फंक्शनल, म्हणजे फंक्शनं एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बांधणाऱ्या, भाषेची गोडी लागली. दादांनी ती भाषा एकदा तरी नीट बघावी असं मला फार वाटायचं. ते जुन्या पद्धतीचे आहेत म्हणून नव्हे. बिलातल्या ज्या चुकांमागे त्यांची संध्याकाळ जायची, त्यातल्या बऱ्याच चुका त्या भाषेत कंपायलरच, म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारं साधनच, अडवतो, हे मला दिसत होतं म्हणून.

पुण्यात असताना फंक्शनल प्रोग्रामिंगची ओळख करून देणारी काही सत्रं मी बसून ऐकली होती. बहुतेक सगळी एकाच वाटेनं जायची. आधी १९३०च्या दशकातला अलोंझो चर्च आणि त्याचा लॅम्डा कॅल्क्युलस, मग रिकर्शन, मग फिबोनाचीची मालिका आणि शेवटी मोनाड ही त्यातली अवघड कल्पना. मला त्यात रस होता, आजही आहे. पण ज्याचा दिवस बिलं, रिपोर्ट आणि सचिवांचे फोन यात जातो त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. लोक मान डोलावतात आणि जागेवर परत जाऊन होतं तेच काम सुरू करतात. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की दादांसमोर मोनाड हा शब्द काढायचा नाही, व्याख्या सांगायची नाही आणि त्यांच्या कामाबाहेरचं एकही उदाहरण घ्यायचं नाही.

संधी एका तक्रारीतून आली. एका संस्थेच्या सचिवांचा फोन होता की संघाकडून आलेली पावती आणि आपल्या सॉफ्टवेअरची बेरीज जुळत नाही. आमच्याकडे गावच्या संस्थेत उत्पादकाचं दूध लिटरवर घेतात आणि पुढे संघाच्या डेअरीत टँकर किलोवर मोजला जातो. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, एक लिटर म्हणजे साधारण १.०३ किलो. म्हणजे १००० लिटरमागे ३० किलोचा फरक. आमच्या कोडमध्ये दोन्ही आकडे डेसिमल, म्हणजे नुसत्या दशांश संख्या, दोन्हींचं नाव क्वांटिटी. कुठल्या तरी रिपोर्टमध्ये आधीच किलो झालेल्या आकड्याला पुन्हा १.०३ नं गुणलं जात होतं. दादांनी ते शोधून काढलं, पण त्यात त्यांची सबंध दुपार गेली. शोधल्यावर म्हणाले, "ही चूक मी याआधीही दुरुस्त केलीय. दुसऱ्या रिपोर्टात."

मी म्हटलं, "दादा, उद्या अर्धा तास द्या मला. हेच गणित दुसऱ्या भाषेत करून बघू."

"नवीन काय टाकायला लागणार आहे का मशीनवर?"

"काही नाही. सी शार्पसाठी टाकलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट साधनसंचाबरोबर, एसडीकेबरोबर, आलेलीच आहे ती."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले आणि कीबोर्ड त्यांच्याकडेच ठेवला. यावर माझा भर होता. शिकवणाऱ्यानं भराभर टाइप करायचं आणि शिकणाऱ्यानं बघायचं, यातून भाषा हाताला लागत नाही. एफ शार्पमध्ये एक सोय फार चांगली आहे. एखादी ओळ निवडून ऑल्ट आणि एंटर दाबलं की ती ओळ खालच्या इंटरॅक्टिव्ह खिडकीत लगेच चालते, उत्तर तिथल्या तिथे दिसतं. प्रोजेक्ट बनवा, मेन लिहा, बिल्ड करा, असलं काही नाही. दादांना हे पहिल्या मिनिटाला आवडलं. एसक्यूएलमध्ये क्वेरीचा तुकडा निवडून चालवायची सवय त्यांना होतीच.

मग एककं. एफ शार्पमध्ये एका ओळीत लिटर नावाचं एकक जाहीर करता येतं, दुसऱ्या ओळीत किलो, तिसऱ्या ओळीत रुपये. त्यानंतर संख्येच्या मागे कोनी कंसात एकक लिहायचं. दादांनी दहा लिटर लिहिले, खाली दहा किलो लिहिले आणि मी सांगितल्यावर दोन्हींची बेरीज केली. लगेच खाली लाल रेघ आली. संदेशाचा अर्थ अगदी सरळ होता, किलो हे एकक लिटर या एककाशी जुळत नाही. प्रोग्रॅम चालवायच्या आधीच.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग स्वतःहून दर लिहिला, रुपये भागिले लिटर असं एकक देऊन. त्याला लिटरनं गुणलं तर उत्तराचं एकक रुपये आलं, कुठेही सांगावं न लागता. १.०३ ला त्यांनी किलो भागिले लिटर असं एकक दिलं. लिटरला त्यानं गुणलं की किलो झाले. आधीच किलो असलेल्या आकड्याला पुन्हा गुणलं, तर वर्ग किलो भागिले लिटर असं विचित्र एकक तयार झालं आणि ते बिलाच्या फंक्शनला द्यायला गेल्यावर पुन्हा लाल रेघ. आदल्या दुपारची चूक ती हीच.

दादांचा पहिला आक्षेप रास्त होता. "हे मी सी शार्पमध्ये पण करू शकतो. लिटरचं एक स्ट्रक्ट, किलोचं एक स्ट्रक्ट." मी म्हटलं, "करून बघू या की." त्यांनी खरंच दुसरी खिडकी उघडली आणि लिहायला घेतलं. लिटरचं स्ट्रक्ट, म्हणजे आपणच घडवलेला आकड्याचा प्रकार (टाइप), त्याची अधिक, वजा, तुलना. मग किलोसाठी तेच सगळं. मग दरासाठी तिसरं, दर गुणिले लिटर हे ऑपरेटर आणि किलोवरच्या दरासाठी चौथं. तिथे ते थांबले. असं करता येत नाही असं अजिबात नाही, काही लोक करतातही. पण प्रत्येक जोडीचा गुणाकार हातानं लिहावा लागतो आणि तो लिहायचा कंटाळा आला की माणूस परत डेसिमलवर येतो. दादांचा दुसरा प्रश्न वेगाचा होता, कारण संकलन केंद्रावरचे संगणक जुने असतात आणि सकाळी रांग लागलेली असते. त्याचं उत्तर सोपं आहे. ही एककं फक्त कंपायलरपुरती असतात. प्रोग्रॅम तयार होताना ती पुसली जातात आणि उरतो तो साधा डेसिमलच, एका पैचाही जादा भार नाही.

आणि मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला की त्या क्षणी मला कळलं, हे काम होणार.

"किलो दूध आणि किलो फॅट ही दोन वेगळी एककं करता येतील का?"

हे मला सुचलंच नसतं. म्हशीच्या दुधाचा दर बऱ्याच ठिकाणी किलो फॅटवर काढतात. फॅटची टक्केवारी वजनावर असते, म्हणजे १०० किलो दुधाला ६.५ फॅट असेल तर त्यात साडेसहा किलो फॅट. पण आकडा लिटरचा घेतला तर? १००० लिटर म्हणजे १०३० किलो, त्यात ६६.९५ किलो फॅट. लिटरलाच किलो समजून गुणलं तर ६५. जवळजवळ दोन किलो फॅटचा फरक आणि तो उत्पादकाच्या बिलातून जातो. दादा म्हणाले, "दोन्हीला आपण किलोच म्हणतो ना, म्हणून घोळ होतो. नवीन पोरांना हे समजावून सांगता सांगता मी थकलोय." त्यांनी किलोफॅट असं वेगळं एकक केलं आणि फॅटच्या टक्केवारीला एकक दिलं किलोफॅट भागिले किलोदूध. आता लिटरला फॅटनं गुणून किलोफॅट काढताच येत नव्हतं. जे नवीन पोरांना समजावून सांगावं लागायचं ते टाइपमध्ये जाऊन बसलं.

अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं सांगितलं. १९९९च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ पोचून ते यान गेलं, कारण जमिनीवरचा एक प्रोग्रॅम पाउंडात आकडे देत होता आणि दुसरा ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालला होता. दादांनी विचारलं, "मग त्यांच्या डोक्यातनं निघाली का ही भाषा?" नाही. एफ शार्प केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डॉन साइम यांनी केली, पहिली आवृत्ती २००५ची. एककांची कल्पना तिथल्याच अँड्र्यू केनेडी यांची. त्यांचा अभ्यासच त्यावर होता. तिचं मूळ घराणं म्हणजे एडिंबरात १९७०च्या दशकात रॉबिन मिल्नर यांनी केलेली एमएल ही भाषा.

हे सगळं दादांनी शांतपणे ऐकलं, पण त्यांची खरी काळजी वेगळी होती. व्हिज्युअल बेसिक ६ त्यांच्या डोळ्यांसमोर बंद पडलं. सिल्व्हरलाइट त्यांनी मेहनत घेऊन शिकलं, तेही गेलं. "ही टिकणार कशावरून?" त्यावर मी सांगितलं ते त्यांना पटलं असावं. सी शार्पमधली जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या टाइपसाठी वापरायची सोय, ते रोज वापरतात. डॉटनेटमध्ये ती आणणारे लोक हेच, साइम आणि केनेडी. असिंक्रोनस कामाची, म्हणजे एक काम संपायची वाट बघत अडून न राहायची, सोय एफ शार्पमध्ये २००७ला आली, सी शार्पमधलं असिंक-अवेट २०१२चं. पॅटर्न मॅचिंग, म्हणजे डेटा कुठल्या प्रकारचा आहे त्यावरून वाट निवडणं, सी शार्पमध्ये २०१७ला यायला लागलं, रेकॉर्ड २०२०ला. एफ शार्पमध्ये ही दोन्ही आधीपासून होती. २०१० पासून ती व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येते. आयुष्यभराची हमी कुणीच देऊ शकत नाही, पण ज्या घरातून ते इतकी वर्षं वस्तू वापरत आले होते त्याच घरातली ही भाषा आहे, एवढं तरी खरं.

त्यानंतर आम्ही जमेल तसं, बहुधा जेवणानंतर, बसायला लागलो. हा टप्पा कष्टाचा होता आणि ते कष्ट कुठे पडतात हे लिहून ठेवावंसं वाटतं. सी शार्प वर्षानुवर्षं लिहिलेल्या माणसाला फंक्शनल विचार अवघड जात नाही. बोटांच्या सवयी आड येतात.

पहिली अडचण रिटर्नची. दादांचं दर काढायचं जुनं फंक्शन असं होतं. वर दर बरोबर शून्य. फॅट किमान मर्यादेखाली असेल तर रिटर्न. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, कमी असेल तर अमुक वजा करून रिटर्न. गाय असेल तर हे, म्हैस असेल तर ते. एफ शार्पमध्ये रिटर्न लिहून मधूनच बाहेर पडता येत नाही. प्रत्येक फांदीला काही ना काही उत्तर द्यावंच लागतं आणि शेवटची ओळ हेच फंक्शनचं उत्तर. "बाहेर कसा पडू मी ह्यातनं?" हे त्यांनी चांगलंच वैतागून विचारलं. मी त्यांना जुन्या फंक्शनमधल्या सगळ्या वाटा कागदावर काढायला लावल्या. वाटा काढता काढता त्यांनाच दिसलं की कुठल्याच अटीत न बसणारं दूध आलं तर वर लिहिलेला शून्य तसाच खाली उतरतो. तसं कधी घडलं होतं की नाही माहीत नाही, पण दार उघडं होतं. एफ शार्पमध्ये एल्सशिवाय इफ लिहून दर काढायला गेलं की कंपायलर अडवतो. दादा म्हणाले, "म्हणजे न ठरवलेला शून्य बिलात जाणार नाही." आणि नंतर रिटर्नचं नाव काढलं नाही.

दुसरी सवय कंस आणि स्वल्पविरामाची. एफ शार्पमध्ये फंक्शनला पुरवायच्या गोष्टी नुसती जागा सोडून लिहितात. सी शार्पसारखं कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलं की ती जोडी धरली जाते. त्यातून एखादी गोष्ट द्यायची राहिली तर तिथे चूक दिसतच नाही, कारण उरलेल्या गोष्टीची वाट बघणारं नवीन फंक्शन तयार होतं आणि तक्रार येते ती कुठेतरी खाली. चूक एका ओळीत, लाल रेघ चार ओळी पुढे. भाषेचा हा खरा त्रास आहे. तो लपवून ठेवणाऱ्यांवर शिकणाऱ्याचा विश्वास उडतो, म्हणून मी आधीच सांगून टाकलं. उपाय म्हणून आम्ही ठरवलं की कंपायलर ओळखू शकत असला तरी प्रत्येक फंक्शनच्या वरच त्याचे टाइप लिहायचे. चूक मग बऱ्यापैकी जागच्या जागी सापडते.

न बदलणाऱ्या डेटावर मी दोन तासांची तयारी करून ठेवली होती. ती लागलीच नाही. सभासदाच्या नोंदीतला फॅट बदलायचा असेल तर एफ शार्पमध्ये जुनी नोंद तशीच ठेवून, एवढा एक आकडा वेगळा असलेली नवीन नोंद करतात. मला वाटलं होतं दादा मेमरीबद्दल विचारतील. ते म्हणाले, "कीर्दीत खाडाखोड कुठं करतात? उलटी नोंद घालायची आणि खाली बरोबर लिहायचं." त्यांचे वडील गावच्या संस्थेत हिशेब लिहायचे. ज्या गोष्टीवर लोक पानंच्या पानं लिहितात ती त्यांच्याकडे घरातूनच आलेली होती. फिरत्या बेरजेसाठी फोर-ईच, म्हणजे एकेक नोंद घेत जाणारं लूप, लावून वर एक टोटल धरायची सवय मात्र सुटायला वेळ लागला. ती यादीवरची बेरीज एका ओळीत होते हे त्यांना मान्य होतं. पण मध्ये थांबून टोटल किती झाली ते बघता येत नाही, ही त्यांची तक्रार. ती मला आजही खोटी वाटत नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग म्हणजे पर्यायांचे टाइप. आमच्या टेबलात दुधाच्या एका नोंदीला फॅट, एसएनएफ, नाकारलं का, नाकारण्याचं कारण आणि सरासरी लावली का, असे कॉलम होते. फॅट रिकामा राहू शकतो, कारण रिकामं राहू शकतं, दोन्ही खुणा होय-नाही. आता या सगळ्याच्या मिळून जितक्या जोड्या होतात त्यातल्या मोजक्याच खऱ्या. नाकारलं आहे आणि फॅटही आहे, स्वीकारलं आहे आणि फॅट रिकामा, असल्या नोंदी डेटाबेसमध्ये खरोखर होत्या. मी दादांना विचारलं, "दूध केंद्रावर आलं की काय काय होऊ शकतं? टेबल विसरा, नुसतं सांगा."

त्यांनी सांगितलं. एक, दूध घेतलं, फॅट आणि एसएनएफ लागला. दोन, दूध परत पाठवलं, वास आला किंवा पाणी निघालं. तीन, दूध घेतलं पण मशीन बंद होतं, मग त्या सभासदाची आधीची सरासरी लावली. चार, नासकं निघालं पण घेतलं, कमी दरानं. मी म्हटलं, "हेच्या हेच लिहा." एफ शार्पमध्ये ते चार ओळींत झालं, मधे उभी रेघ, प्रत्येक ओळीत त्या पर्यायाला लागेल तेवढीच माहिती. फॅट फक्त जिथे लागला तिथेच. कारण फक्त परत पाठवलेल्या ओळीत. रिकामा फॅट ही गोष्टच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः आले. रात्री त्यांना पाचवा प्रकार आठवला होता. काही केंद्रांवर गाय-म्हशीचं मिसळलेलं दूध येतं आणि ते वेगळ्या दरानं घेतात. त्यांनी पाचवी ओळ घातली आणि बिल्ड केलं. जिथे जिथे दुधाच्या प्रकारावरून निर्णय घेतला जात होता, म्हणजे बिल, दैनिक रिपोर्ट आणि संघाला जाणारी फाइल, तिथे तिथे इशारा आला की इथे पाचवा प्रकार हाताळलेला नाही. हा इशारा असतो, बिल्ड थांबत नाही. म्हणून आम्ही प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये त्याला चुकीचा दर्जा दिला. आता तो हाताळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दादा एकेक जागा उघडून भरत गेले. यापूर्वी असा बदल करायचा म्हणजे सबंध सोल्युशनमध्ये शब्द शोधायचा आणि काही राहिलं तर दहा दिवसांनी बिल निघताना गावातून फोन यायचा.

फाइलींच्या क्रमावरून मात्र आमची चांगली जुंपली. एफ शार्पमध्ये प्रोजेक्टमधल्या फाइली वरून खाली ज्या क्रमानं लावल्यात त्याच क्रमानं वाचल्या जातात. खालच्या फाइलीतली गोष्ट वरच्या फाइलीत वापरता येत नाही. दादांना हे मागासलेलं वाटलं. माझं मत उलट आहे. वर एककं, मग दुधाचे प्रकार, मग दर, मग बिल. नवीन माणूस वरून वाचायला लागला की खाली पोचेपर्यंत त्याला सगळं कळतं आणि बिल दराला बोलावतं, दर परत बिलाला बोलावतो, असला गुंता होऊच शकत नाही. दादा म्हणाले, "वाचायला चांगलंय, लिहायला तापदायक आहे." यावर आम्ही दोघं तिथेच थांबलो.

मग पडताळणी. जुन्या बिलांचा डेटा दोन्हींकडून चालवून पैशापर्यंत आकडे जुळवायचे, हा आग्रह दादांचा. बहुतेक सगळं जुळलं, पण काही बिलांत एका पैशाचा फरक यायला लागला. मी एककं तपासली, दरपत्रक तपासलं, काही सापडेना. दादांनी फरक आलेल्या ओळी वेगळ्या काढल्या आणि बघितलं की सगळीकडे रक्कम बरोबर अर्ध्या पैशावर संपत होती. डॉटनेटचं राउंडिंग सांगितल्याशिवाय जवळच्या सम अंकाकडे जातं, २.३४५ चं २.३४ होतं. एसक्यूएल सर्व्हर ते वर नेतो, २.३५ करतो. जुनं राउंडिंग डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्ये होतं, नवीन कोडमध्ये आलं. भाषा कितीही चांगली असली तरी तिला हे कळायचा काही मार्ग नव्हता. दोन्ही आकडे रुपयेच होते. आकड्यांकडे बघत आयुष्य काढलेल्या माणसालाच ते दिसलं आणि राउंडिंगची पद्धत आता एका फंक्शनमध्ये उघड लिहिलेली आहे.

कंपनीच्या मालकांना दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुम्ही दोघं नसलात तर हे कोण बघणार? कोल्हापुरात एफ शार्प येणारा माणूस जाहिरात देऊन मिळणार नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं. मी बोलायच्या आधी दादाच बोलले. सगळं बदलायचं नाही. स्क्रीन, छपाई, मशीनशी बोलणं, डेटाबेस, हे सगळं सी शार्पमध्येच राहील. फक्त दर आणि बिल काढायची लायब्ररी एफ शार्पची, कारण पैसे तिथे चुकतात. दोन्ही भाषा एकाच डॉटनेटवर चालतात, त्यामुळे सी शार्पच्या प्रोजेक्टला ती लायब्ररी नुसती जोडायची. मालकांनी होकार दिला, पण अट घातली की टीममधल्या आणखी एकाला तरी ती वाचता आली पाहिजे. अट योग्यच होती.

जोडणीच्या सीमेवर एक काळजी घ्यावी लागते. सी शार्पकडून बघितलं तर एककं दिसतच नाहीत. तिथे नुसता डेसिमल. म्हणजे लिटरच्या जागी किलो पाठवायची मुभा तिथे परत मिळते. म्हणून लायब्ररीत शिरायची दारं आम्ही मुद्दाम थोडीच ठेवली आहेत, प्रत्येकाच्या नावातच लिटर किंवा किलो लिहिलंय आणि दारातून आत येताच आकड्याला एकक चिकटतं. तसंच एफ शार्पचा रिकामेपणाचा टाइप सी शार्पमध्ये हाताळायला अवघड जातो, म्हणून बाहेर जाताना तो साध्या रूपात बदलून देतो.

ती लायब्ररी आता रोज चालते आहे. सकाळ-संध्याकाळचं संकलन, दर दहा दिवसांनी बिल. दादा त्यात स्वतः बदल करतात आणि माझा कोड तपासतातही. पाइपचं चिन्ह, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर पुढच्याकडे सरकवणारं, त्यांना मनापासून आवडलंय. नोंदी घ्या, परत पाठवलेल्या वगळा, दर लावा, बेरीज करा, असं वरून खाली वाचता येतं. पण दोन फंक्शनं जोडून नाव न देता तिसरं करायचं जे दुसरं चिन्ह आहे, ते त्यांनी लायब्ररीत बंद केलंय. त्यांचं म्हणणं, मधल्या पायरीला नाव नसेल तर सचिवांचा फोन आल्यावर मी बोट कुठं ठेवू? मला ते चिन्ह आवडतं, तरी या बाबतीत त्यांचंच ऐकलं. आता मालकांच्या अटीप्रमाणे टीममधली तिसरी व्यक्ती शिकायला बसणार आहे आणि तिला आधी काय दाखवायचं यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणते एककांपासून सुरू करू. दादा म्हणतात, आधी तिला एक दिवस सकाळी सहाला केंद्रावर उभी कर, मग दुधाचे पाच प्रकार तिलाच लिहू दे.